डाव्या खांद्यातला कापूस

कळतच नाही

कोट शिवायला टाकलेला कुणीतरी दुकानात बसलेला असतो. धाकटा येतो, बहिणीच्या मशीनपाशी चहाचा थर्मास ठेवतो, काजं करणाऱ्या मावशींची एखादी खोडी काढतो आणि जातो. मग गिऱ्हाईक दाराकडे मान वळवून म्हणतं, तुमच्या भावाच्या पाठीचं काहीतरी आहे असं ऐकून होतो. पण बघून कळतच नाही हो.

ताई मान वर करत नाही. खडूची रेघ ओढत राहते. पण त्या दिवशी तिच्या हाताखालचं काम पटापट उरकतं, आणि संध्याकाळी ती उगाचच जास्तीचं दूध आणते.

कळतच नाही. वडिलांनंतर तिने दुकान चालवलं. पुरुषांचे कोट बाई शिवते म्हणून नाकं मुरडणाऱ्यांना त्याच कोटात आरशासमोर उभं करून गप्प केलं. वडिलांना म्हणायचे तसं आता तिलाही सगळे ‘मास्तर’ म्हणतात. हे सगळं एका पारड्यात टाकलं तरी त्या दोन शब्दांच्या पासंगाला पुरत नाही.

काय कळत नाही, तेही सांगायला हवं. धाकट्याचा कणा लहानपणापासून वाकडा आहे. खांद्याचं उजवं पातं पाठीतून वर येतं, डावा खांदा खाली घसरतो. कुणीतरी त्याच्या डाव्या हातात भरलेली बादली दिली आणि परत घ्यायचं विसरलं, असा तो उभा राहतो. पट्टे झाले, व्यायाम झाले, डॉक्टर बदलून झाले. बाक जिथल्या तिथे.

त्या घरात ‘ताठ बस’ हे शब्द कुणी कुणाला म्हणत नसे. ताई वाकून अभ्यास करायची तेव्हा आई नुसत्या डोळ्यांनी दटावायची. सरळ पाठ एकटीच्या वाट्याला आली, याचं त्या मुलीला ओझं वाटायचं, आणि रस्त्याने जाताना थोडं बरंही वाटायचं. आता इतकी वर्षं मशीनवर झुकून तिच्याही मानेखाली उंचवटा आला आहे. धाकटा म्हणतो, ताई, आता तुझ्या पाठीत कापूस भरायला कोणाला सांगायचं?

डावा खांदा असा भरतात

कापूस कात्रीने कापायचा नाही. हाताने फाडायचा. कडा विरळ होत गेल्या पाहिजेत. कात्रीची कड वरच्या कापडातून उमटते आणि मग सगळ्यांना कळतं. पहिला थर तळहाताएवढा. त्यावरचा त्याहून लहान. मग आणखी लहान. हात फिरवला तर पायरी लागता कामा नये. थर एकमेकांना सैल टाक्यांनी धरायचे. टाका आवळला की कापसाचा गोळा होतो.

पाठीतला उजवीकडचा उंचवटा झाकता येत नाही. म्हणून त्याच्या शेजारचा खोलगा भरायचा. आजूबाजूचं सगळं त्याच्याएवढं उंच केलं की उंचवटा उंचवटा राहत नाही.

अस्तर लावताना हात हलका. घालणाऱ्याने खांदा उडवला तर कापूस खांद्याबरोबर उडाला पाहिजे, मागे राहता कामा नये.

वडिलांनी हे धाकट्याच्या शाळेच्या शर्टावर सुरू केलं. ताई बघत बघत शिकली. सरळ माणसाला कपडा बसवायला ती त्यानंतर शिकली. धाकटा चाळिशीच्या पुढे गेला तरी त्याचा प्रत्येक कपडा तिच्याच हातचा, अगदी झोपताना घालायचा सदराही. रेडिमेड त्याच्या अंगाला कधी लागलं नाही.

उन्हाळ्यात त्या कापसाखाली त्याला घामोळं यायचं. ताई पावडर लावून द्यायची. लावताना दोघं इकडचं तिकडचं बोलत राहायची.

आणि शर्ट वाळत असला, तो नुसत्या बनियनवर दारात जाऊन उभा राहिला, तर ती त्याला काहीतरी आणायला आत पाठवायची. रीळ, पाणी, काहीही. तो आणून द्यायचा. आणलेलं तिला नको असायचं. हे त्याच्या लक्षात येत नसेल, असं ती धरून चालली होती.

पाण्यात

डॉक्टरांनी पोहायला सांगितलं, तेव्हा ताईने चौकशी करून ठेवली की दुपारी तलावावर चिटपाखरू नसतं. धाकटा संध्याकाळी जाऊ लागला. संध्याकाळी तिथे निम्मं गाव असायचं.

तो चष्म्याच्या दुकानात काम करतो. दिवसभर काउंटरच्या मागे बसून लोकांच्या नाकांवर फ्रेम बसवतो. संध्याकाळी दुकान बंद झालं की टॉवेल खांद्यावर टाकून निघायचा. परत येऊन जेवताना सांगायचा. तिथे पोहायला शिकवणारी एक बाई आहे. तिने पहिल्याच दिवशी काठावरून बघून सांगितलं की तुम्ही सारखे डावीकडे वळणार, तुमचा उजवा हात जास्त पाणी मारतो. वळू द्या. डावा हात थोडा लांब टाका, रस्ता आपोआप सुधारेल. ताई, ती पाठीबद्दल एवढंच बोलली बघ. रस्ता.

ताईने आणखी भाजी वाढली.

काही महिन्यांनी त्याने दुकानात येऊन, मशीन चालू असताना, त्या शिकवणारीशी लग्न करतोय म्हणून सांगितलं. मशीन थांबलं. मावशींनी दातातला दोरा बाहेर काढला आणि म्हणाल्या, म्हणजे हिने नवरा आधी उघडा बघितला आणि आता कपड्यात बघणार. आमच्या वेळी उलटं होतं बाबा. आणि कपड्यातलाच बरा होता, हे मागाहून कळायचं.

सगळे हसले. धाकटा तर डोळे पुसत हसला. ताईही हसली. पण इतकी वर्षं तिने ताकास तूर लागू दिली नव्हती, आणि एका परक्या बाईने ते सगळं पहिल्या दिवशी, काठावर उभं राहून, शिट्टी गळ्यात असताना बघितलं होतं. ही गोष्ट तिला त्या क्षणापासून बोचत राहिली. बाई चांगली होती. त्यामुळे तर जास्तच.

माप

दुकानाची एक रीत होती. मास्तरने टेप लावायची आणि आकडा मोठ्याने पुकारायचा. मावशी तो पाटीवर उतरवायच्या. छाती, कंबर, बाही, खांदा. दुकानातल्या बाकावर बसलेल्यांना एकमेकांची मापं पाठ व्हायची. पोट सुटलेल्यांची त्यावरून थट्टा चालायची.

फक्त धाकट्याचं माप मुक्याने घेतलं जायचं. तो लहान असताना वडिलांनी एकदा दोन खांद्यांचे दोन आकडे पुकारले होते आणि बाकावरच्या कुणीतरी च्च, असा आवाज केला होता. तेव्हापासून आतली खोली, भिंतीकडे तोंड आणि गप्प टेप. वडिलांनंतर ताईनेही तेच चालवलं. त्याचे आकडे कुठेही लिहिलेले नव्हते. ते तिच्या बोटांत होते.

लग्नाच्या कोटासाठी तो आला तो बाहेरच, आरशासमोर उभा राहिला. बाकावर दोन माणसं होती. ताईने आतल्या खोलीचा पडदा सरकवला. तो हलला नाही.

“इथेच घे, ताई. आणि मोठ्याने म्हण.”

मग त्याने सांगितलं. कापूस नको. एक बोटभरही नको. कोट त्याच्या अंगाला बसवायचा, त्याला कोटात बसवायचं नाही. दिवसभर मी लोकांचे कान बघतो, तो म्हणाला. एकाचेही दोन्ही कान एका रेषेत नसतात. एक वर, एक खाली. लोकांना वाटतं चष्मा तिरका आहे. मी दांडी वाकवतो. कुणाच्या कानाखाली कापूस ठेवत नाही.

ताई म्हणाली, “लग्नाचा कोट आहे बाळ्या. फोटो जन्मभर राहतो.”

“म्हणूनच.”

तिने टेप लावली. पहिला आकडा तिने तोंडातल्या तोंडात म्हटला. मावशी पाटी धरून म्हणाल्या, मास्तर, माझे कान गेले की तुमचा आवाज गेला? तेव्हा तिने मोठ्याने म्हटलं. उजवा खांदा. मग डावा. बाकावरच्या दोघांपैकी एकजण जांभई देत होता. दुसऱ्याने विचारलं, माझी पॅन्ट आज मिळेल ना? एवढंच झालं. इतकी वर्षं ज्याला भ्यायलो ते एवढंच होतं का, हा विचार तिच्या मनात आला, आणि तो तिला आवडला नाही.

“कापूस घालणार नाहीस. शप्पथ?” त्याने विचारलं.

“शप्पथ.”

कच्चा टाका

हा तिच्या आयुष्यातला सगळ्यात अवघड कोट. कापूस असला की चुका पोटात घेतो. इथे कापडालाच सगळं करायचं होतं. तिने दोन्ही खांदे वेगवेगळे कापले. डावी बगल खाली उतरवली. पाठीचा उजवा तुकडा तिने तीनदा उसवला, मग वाफेवर धरून हाताने ताणत ताणत त्याला त्या उंचवट्याचा गोलवा दिला. इतके दिवस तिने या पाठीशी भांडण केलं होतं. आता पहिल्यांदा ती तिच्यामागून जात होती.

कच्च्या टाक्यांवर कोट घालून बघायला तो आला तेव्हा पोहायला शिकवणारी बरोबर होती. तिने कोटाकडे नाही, त्याच्या तोंडाकडे बघितलं. तो आरशासमोर उभा होता. हात वर केला. खाली केला. कोट त्याच्याबरोबर वर गेला, खाली आला. कुठे ओढ नाही, कुठे चुणी नाही.

त्याने डावा खांदा उडवून बघितला. मग म्हणाला, “ताई, याच्यात घाम येणार नाही.”

ताईला त्या दुपारी आनंद झाला होता. हे खरं आहे आणि ते इथे असायला हवं. कोट उत्तम झाला होता, हे तिच्यातल्या शिंपिणीला दिसत होतं. आणि त्याच वेळी, त्याच आरशात, तिला तो खांदाही दिसत होता, पांढऱ्या टाक्यांनी अधोरेखित केल्यासारखा.

हँगरवर

लग्नाच्या आदल्या दिवशी कोट पुरा झाला. काजं झाली, बटणं लागली, इस्त्री झाली. ताईने तो पुढच्या खुंटीवर हँगरला लावला. त्याच्यावर ऊन पडलं होतं.

आपला कोट न्यायला वकीलसाहेब आले. त्यांच्या वडिलांचे कोटही याच दुकानात शिवले जात, त्यामुळे त्यांना इथे बोलायचा हक्क आहे असं त्यांना वाटायचं. त्यांनी खुंटीकडे बघितलं, चष्मा वर सरकवला आणि पुन्हा बघितलं.

“मास्तर, हा बिघडलेला कोट दर्शनी कशाला टांगलाय? डावा खांदा पार उतरलाय. हाताखाली नवीन कुणी ठेवलंय की काय?”

सांगायला अगदी सोपं होतं. माझ्या भावाचा आहे. त्याचा खांदा तसा आहे. तोंड उघडायचं आणि म्हणायचं.

ताई म्हणाली, “दुरुस्तीला आलाय.”

मावशींची सुई थांबली. वकीलसाहेब समाधानाने हसले, त्यांनी आपला कोट घातला, आरशात दोन्ही बाजूंनी बघितलं आणि तुमच्या हाताला तोड नाही, असं म्हणून गेले.

ताईने कोट खुंटीवरून काढून आत नेला. मावशी पडद्यापाशी येऊन उभ्या राहिल्या. त्या सहसा मास्तरच्या कामात बोलत नाहीत. म्हणाल्या, “हँगरला पाठ नसते, मास्तर. त्याच्यावर बघून काय कळणार?”

 ताईने डाव्या बगलेतलं अस्तर उसवलं. फक्त एक थर, ती मनाशी म्हणत होती. पूर्वी चार-चार थर घालायचो, त्याच्यापुढे हा काय. याला भरणं नाही म्हणत. याला बसवणं म्हणतात, कुठल्याही कोटाला करतात. फोटो जन्मभर राहतो. आज त्याला वाटतंय. दहा वर्षांनी फोटो बघेल तेव्हा म्हणेल, बरं झालं ताईने ऐकलं नाही. आणि मुख्य म्हणजे त्याला समजणारच नाही.

तिने कापूस फाडला. कडा विरळ केल्या. सैल टाक्यांनी धरला. अस्तर पुन्हा लावताना हात हलका ठेवला. काम इतकं सफाईचं झालं की तिचं तिलाच कौतुक वाटलं.

कोट परत खुंटीवर गेला. खांदा पूर्ण सरळ नव्हता. पण आता कुणी थांबून बघितलं नसतं.

कॉरिडॉर

लग्न नोंदणीच्या कचेरीबाहेर लाकडी बाक होते आणि भिंतीवर थुंकू नका असं लिहिलं होतं. उकडत होतं, म्हणून धाकट्याने कोट हातावरच ठेवला होता. त्यांचा पुकारा व्हायची वेळ आली तेव्हा त्याने तो घातला. उजवा हात. डावा हात. मग सवयीने खांदा उडवला.

थांबला.

तिच्याकडे त्याने बघितलंच नाही. उजव्या हाताची दोन बोटं डाव्या खांद्यावर ठेवली, नाडी बघावी तशी. ज्याने सगळा जन्म तो कापूस अंगावर वागवला, त्याला एक थर समजणार नाही असं तिला वाटलं होतं. ही चूक दुसऱ्या कुणा शिंप्याच्या हातून झाली नसती. दुसऱ्याला आपल्या हाताचा एवढा भरवसा नसता.

“किती?” त्याने विचारलं.

“एकच. अगदी पातळ.”

त्याने मान हलवली. दुकानात गिऱ्हाईक आपला नंबर सांगतं तेव्हा तो हलवतो, तशी.

तिची पर्स आधीच उघडलेली होती. तिच्या पर्समध्ये कायम ब्लेड असतं. ती म्हणाली, काढते, लगेच काढते, इथेच बाकावर बस, अस्तराला दोन टाके आहेत फक्त.

“राहू दे, ताई,” तो म्हणाला. “तुझा दिवस आहे.”

आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर तिला परत काही बोलता आलं असतं. आतून कारकुनाने डोकं बाहेर काढून नवरा-नवरीची नावं पुकारली. धाकट्याने वरचं बटण लावलं आणि आत गेला.

त्या वेळी बोलता आलं असतं असं काही

एक तुकडा:
“वकिलाला मी खोटं सांगितलं. मला लाज वाटली. तुझी नाही. म्हणजे तुझीच.”

दुसरा तुकडा:
“थांबा, आम्ही पाच मिनिटांत येतो,” असं कारकुनाला. कारकून चिडला असता. कारकून रोजच चिडतात. बाकावर बसून तिने अस्तर उसवलं असतं, कापूस मुठीत घेतला असता. लग्न पाच मिनिटं उशिरा लागलं असतं. त्यावर पुढे सगळे हसले असते.

तिसरा तुकडा:
काहीच नाही. नुसतं त्याच्याबरोबर आत जाताना त्याच्या तोंडाकडे बघणं. तेवढंही चाललं असतं.

यातलं काही झालं नाही. तिने पर्स बंद केली, त्याच्या मागोमाग आत गेली आणि त्याच्या कॉलरचा, नसलेला, दोरा काढला.

फोटो

मधोमध दोघं. तिने फिकट रंगाचे कपडे घातले आहेत, केस अजून ओले असल्यासारखे मागे बांधलेले. तो शेजारी. कोट सुरेख बसलेला आहे. त्याच्या दुसऱ्या बाजूला ताई, ओठ मिटलेले. मागे मामा, मामी, तलावावरच्या दोन मैत्रिणी, आणि एका टोकाला मावशी, ज्यांनी नेमके डोळे मिटले आहेत.

फोटो काढण्याआधी मामांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, काय हात आहे पोरीचा, आज तर कळतच नाही बघा. ते मनापासून बोलले. त्यांना वाटलं, आपण दोघा भावंडांचं कौतुक करतोय.

फोटोवाल्याने नवरीला नवऱ्याच्या डाव्या खांद्यावर हात ठेवायला सांगितलं. तिने ठेवला. मग उशी चाचपावी तसा तो खांदा एकदा हलकेच दाबला. तिची नजर त्याच्याकडून ताईकडे गेली. रागावलेली नव्हती ती. खोल पाण्यात गेलेलं माणूस हात हलवून मी ठीक आहे म्हणतं, तेव्हा काठावरून ती जशी बघत असेल, तशी तिने बघितलं.

फोटोत हे काही आलेलं नाही. फोटोत सगळे हसत आहेत.

बाही

लग्नानंतर तो तलावाजवळ दोन खोल्या घेऊन राहू लागला. दुकानात येणं त्याने बंद केलं नाही. यायचा, टेकायचा, मावशींशी वाद घालायचा. ताईशीही बोलायचा, पण पावसाबद्दल, नळाबद्दल, मामांच्या गुडघ्याबद्दल. कपड्यांचा विषय त्याने काढला नाही. जुने शर्ट विटत चालले होते. ताईला ते दिसत होते. निळा तागा तिने त्याच्यासाठी परस्पर बाजूला काढून ठेवला होता; एक दिवस तोही तिने दुसऱ्याला कापून दिला.

मग मावशींनी बातमी आणली. बाजारात दिसला. अंगात रेडिमेड शर्ट.

“बसत होता का नीट?” ताईने विचारलं.

“छे. एक टोक इकडे, एक टोक तिकडे.” मावशींनी सुईत दोरा ओवला. “मजेत होता पण.”

त्यानंतर एका दुपारी तो पिशवी घेऊन आला. या वेळी मशीनपाशी आला नाही. काउंटरच्या बाहेरच्या बाजूला, गिऱ्हाईक उभं राहतं तिथे उभा राहिला आणि पिशवीतून करड्या रंगाचा एक कोट काढून ठेवला. दुकानातून विकत घेतलेला, दोन्ही खांदे सारखे, दोन्ही बाह्या सारख्या, कुणाही माणसाचा.

“डावी बाही बोटांवर येते,” तो म्हणाला. “तेवढी वर घे.”

ताईने गळ्यातली टेप काढली.

“माप नको. घरी पिना लावून आणल्यात.”

तिने बाही उलटी केली. पिना आडव्या-तिडव्या होत्या, एक तर वाकलेली. सुईचं काम न येणाऱ्या माणसाने जीव लावून टोचलेल्या. तिला बघताक्षणी दिसलं की त्या फार वर लावल्या आहेत. त्याचा हात सरळ धरून लावल्या असणार. तो तसा उभाच राहत नाही. अशी शिवली तर मनगटाचं हाड उघडं पडणार.

“घालून दाखवतोस एकदा?”

“पिना आहेत तिथेच शिव, ताई.”

तो बाकावर जाऊन बसला. बाकावर बसून वाट बघायची त्याची ही पहिलीच वेळ होती. मावशींनी त्याला विचारलं, काय साहेब, घाई आहे का? तो म्हणाला, आहे तर, बायको काठावर उभी आहे शिट्टी घेऊन. दोघं हसली.

ताईने बाहीचं अस्तर सोडवलं. कोट उलटा होऊन तिच्या मांडीवर पसरला होता. डावी बाही आतून मोकळी, थेट खांद्यापर्यंत. तिचे हात शिवशिवत होते. नुसता हात आत घालून बगलेतली शिवण बोटभर खाली घेतली असती तर बाही कमी करायचीही गरज नव्हती. कोट आपोआप बसला असता. कापूस नाही, काही नाही. कुणाला समजलं नसतं.

तिला समजलं असतं. आणि त्याला, पहिल्यांदा हात घालतानाच.

ती पिनांवर आली. एकेक काढत, जिथे होती तिथेच टाका घालत गेली. चुकीच्या जागी इतकी नीट शिवण तिने जन्मात घातली नव्हती.

त्याने कोट घातला. डाव्या मनगटाचं हाड बाहेर राहिलं. पाठीत उजवीकडे कापड गोळा झालं, डावीकडे पोकळ लोंबलं. तो आरशासमोर उभा राहिला, फार वेळ नाही, आणि केस नीट करून वळला.

“झकास,” तो म्हणाला.

खरंच त्याला तसं वाटत होतं की तो तिला सोडवत होता, ते तिला ओळखता आलं नाही. त्याच्या अंगाचा इंचन् इंच तिला ठाऊक होता, पण तोंड कधी वाचावं लागलं नव्हतं. टेप लावताना तोंड दुसरीकडे असतं.

दारापर्यंत गेल्यावर तो थांबला.

“रविवारी घरी ये जेवायला. ती विचारत होती.”

“येईन.”

“येताना काही शिवून आणू नकोस.”

“मग रिकाम्या हाताने येऊ?”

“हो,” तो म्हणाला. “तशीच ये.”

तो रस्त्याने गेला. ताई काउंटरशी उभी राहिली. रविवारी त्यांच्या घरी ती एका खुर्चीवर बसलेली तिला दिसली, समोर तो, मध्ये जेवणाचं टेबल, हातात सुई नाही, खडू नाही, काही नाही. त्याच्याकडे नुसतं बघायचं कसं, हे वडिलांनी शिकवलं नव्हतं. आणि तिनेही कधी कोणाला विचारलं नव्हतं.